नटबोल्टचा अंदाज कशाला बांधायचा?

पुण्या-पिंपरीकडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना 'पीपीसी' हे खाते चांगलेच माहीत असेल. काय, किती आणि कधी बनवायचे हे ठरवणारे, आणि काहीही अडले की सगळ्यांच्या शिव्या खाणारे. इथे अमेरिकेत पीएचडी करताना या विषयाची जुनी पुस्तके चाळली, तेव्हा या खात्याची कुंडली हाती लागली.

1913 साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने एका वेळी किती माल बनवणे परवडते याचे सूत्र मांडले. (मोटारवाला फोर्ड तो वेगळा!) पुढची कित्येक वर्षे कारखान्यांचे साठे साधारण अशाच हिशोबाने चालत. प्रत्येक सुट्या भागाचे एक कार्ड, साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की नवी ऑर्डर. किराणा दुकानाला हे ठीक आहे. पण ट्रॅक्टरला?

समजा, एका जोडणीला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भाग हवा तेव्हा स्टोअरमध्ये असण्याची शक्यता 90 टक्के आहे. दहाच्या दहा भाग एकदम हाताशी असण्याची शक्यता किती? 0.9 ला दहा वेळा गुणून पाहा. जेमतेम 35 टक्के! म्हणजे गोदाम गच्च आणि जोडणी ठप्प. मग शॉर्टेज लिस्ट घेऊन शॉपभर धावणारी माणसे आली. खरा कारखाना तीच चालवत.

विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जे. आय. केस ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी होती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उत्पादन नियंत्रण पाहणारा जोसेफ ऑर्लिकी मूळचा चेक, म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून आलेला. त्याचे म्हणणे असे, की ट्रॅक्टर किती खपतील याचा अंदाज बांधावाच लागतो, पण एकदा तो आकडा ठरला की नटबोल्टचा वेगळा अंदाज कशाला? तो नुसता गुणाकार आहे.

आपल्याकडच्या लग्नातला आचारी हेच करतो. पाने किती उठणार हा यजमानाचा अंदाज. पाचशे म्हटले की डाळ, गूळ, तूप किती हे तो यादीवरून सांगतो, आणि लाडू आदल्या दिवशी वळायचे तर बेसन कधी भाजायचे हेही उलटे मोजतो. फरक इतकाच, की ट्रॅक्टरची यादी हजारो भागांची. ती हाताने सोडवेपर्यंत योजनाच शिळी व्हायची. संगणक आला, हवी ती नोंद थेट वाचणारी डिस्क आली, आणि हे जमले. यालाच एमआरपी म्हणतात.

1975 साली ऑर्लिकीचे पुस्तक आले, तोवर सुमारे 700 कंपन्यांनी ही पद्धत घेतली होती. 1981 पर्यंत 8,000.

मला मात्र यात एक गोष्ट खटकते. एखाद्या भागाला तीन आठवडे लागतात असे भरले, की यंत्रापुढे रांग असो वा नसो, हिशोब तीन आठवड्यांचाच. मूळ पद्धत यंत्राची क्षमता विचारातच घेत नाही. माल उशिरा येतो म्हणून नियोजक तीनाचे चार करतो. ऑर्डरी आधी सुटतात, रांग आणखी वाढते, आणि खरेच चार आठवडे लागू लागतात. पुढे क्षमतेची तपासणी जोडली गेली, पण तो भरलेला आकडा बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. शॉर्टेज लिस्टही राहिली, फक्त आता ती प्रिंटरमधून येऊ लागली.