ओल्मेकांची पाषाणशिल्पे आणि चेंडूचा खेळ

मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर, आजच्या वेराक्रूझ व तबास्को या राज्यांत, इ.स.पू. सुमारे १२०० ते ४०० या काळात ओल्मेक संस्कृती भरभराटीस आली. सान लोरेन्सो, ला व्हेंता व त्रेस सापोतेस ही तिची प्रमुख केंद्रे होत. ‘ओल्मेक’ हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. ‘रबराच्या प्रदेशातील लोक’ अशा अर्थाचा हा नाहुआत्ल भाषेतील शब्द अ‍ॅझटेक लोक पुढे कित्येक शतकांनी त्या किनाऱ्यावरील रहिवाशांसाठी वापरीत.

या संस्कृतीची ओळख म्हणजे तिची प्रचंड पाषाणमस्तके. आजवर अशी १७ मस्तके उजेडात आली असून त्यांपैकी १० सान लोरेन्सो येथील आहेत. त्यांची उंची सुमारे दीड ते साडेतीन मीटर आहे. त्यासाठीचा बेसाल्ट तुश्तला पर्वतातून आणला जाई. ओझे ओढणारी जनावरे, चाकाच्या गाड्या आणि लोखंडी हत्यारे यांपैकी काहीही हाताशी नसताना कठीण दगडांचे घाव घालून आणि घासून हे चेहरे घडविले गेले. प्रत्येक चेहरा निराळा असल्याने ती राज्यकर्त्यांची व्यक्तिशिल्पे असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

एल मनाती येथील झऱ्याच्या दलदलीत रबरी चेंडू सापडले. त्यांतील सर्वांत जुने इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे आहेत. तेथेच पाषाणाच्या घोटीव कुऱ्हाडीही मिळाल्याने हे चेंडू पाण्याला वाहिलेले अर्पण होते, हे उघड आहे. रबराच्या झाडाच्या चिकात रताळ्याच्या कुळातील एका वेलीचा रस मिसळला की तो लवचीक व टिकाऊ होतो. मध्य अमेरिकेतील प्राचीन लोकांना ही प्रक्रिया अवगत होती.

मस्तकांवरील शिरस्त्राणे खेळाडूंची असावीत, असे एक मत आहे. ती युद्धातील किंवा राजचिन्हे असणेही शक्य आहे. सान लोरेन्सो येथील खेळाडूंच्या मृण्मूर्ती खेळाचे अस्तित्व दाखवितात, मस्तकांचा अर्थ मात्र निश्चित करीत नाहीत. चिचेन इत्सा येथील शिरच्छेदाचे शिल्प सुमारे दोन हजार वर्षांनंतरचे आहे. त्यावरून ओल्मेकांच्या खेळातही नरबळी दिला जाई, असे ठरविणे योग्य नव्हे.

स्पॅनिश राजवटीने या खेळावर बंदी घातली. तरीही सिनालोआ राज्यात ‘उलामा’ या नावाने तो टिकून आहे. त्यातील एका प्रकारात आजही जड रबरी चेंडू कमरेनेच टोलविला जातो.