ईस्ट ग्रिन्स्टेड येथील दग्ध वैमानिक

युद्धाच्या इतिहासात मृतांची गणना होते. जळून वाचलेल्यांची कथा मात्र बहुधा लिहावयाची राहून जाते. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात झालेल्या हवाई युद्धाने ती जगापुढे आणली. त्या वेळच्या लढाऊ विमानांत पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे. ती पेटली की काही क्षणांतच त्याचा चेहरा व हात होरपळून निघत.

अशा वैमानिकांना लंडनच्या दक्षिणेस ईस्ट ग्रिन्स्टेड या लहान गावातील क्वीन व्हिक्टोरिया इस्पितळात आणीत. तेथील शस्त्रवैद्य आर्चिबाल्ड मॅकिंडो (१९००–१९६०) हे मूळचे न्यूझीलंडचे. भाजलेल्या भागावर टॅनिक अॅसिड लावण्याची रीत तेव्हा रूढ होती. त्याने जखमेवर टणक कवच धरे. परंतु हातांवर ते धरले की बोटे आखडत, पापण्यांवर धरले की डोळे मिटेनासे होत, आणि आत पू साचे. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा मात्र अधिक चांगल्या भरून येतात, हे मॅकिंडो यांच्या ध्यानात आले. त्यांनी टॅनिक अॅसिड वर्ज्य केले, कोमट मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली, आणि नवी त्वचा लवकर बसविण्यावर भर दिला.

नाक घडविण्यासाठी पोटाची वा छातीची त्वचा टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत आणीत. त्वचेचा देठ मूळ जागी जोडलेला ठेवावा, म्हणजे रक्त वाहते राहून ती जगते, हे त्यामागील तत्त्व. आपल्याकडे ते फार पूर्वीपासून ज्ञात होते. टिपूच्या युद्धात नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याकडील एका देशी कारागीर वैद्याने कपाळाच्या त्वचेचे नाक बसविले. तो वृत्तांत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापला गेला, आणि पुढे युरोपातील शस्त्रवैद्यांनी ती रीत उचलली.

परंतु त्वचा जुळली म्हणजे मनुष्य बरा झाला, असे मॅकिंडो यांनी मानले नाही. एकेकावर कित्येक शस्त्रक्रिया होत. त्यांत वर्षे जात. तोवर रुग्णांना इस्पितळाच्या निळ्या पोशाखाऐवजी स्वतःचा गणवेश घालण्याची मुभा त्यांनी दिली. १९४१ साली रुग्णांनी आपला एक संघ काढला. आपल्यावर नवनवे प्रयोग होतात म्हणून त्याचे नाव त्यांनी थट्टेने 'गिनीपिग क्लब' ठेवले. खजिनदार म्हणून पाय भाजलेला गडी निवडला. कारण तो पैसे घेऊन पळू शकणार नाही! युद्धाअखेर सभासदांची संख्या ६४९ झाली होती.

मॅकिंडो यांनी गावकऱ्यांनाही उपचारात सामील करून घेतले. या तरुणांना घरी जेवावयास बोलवा, आणि त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, नजरही चुकवू नका, अशी विनंती त्यांनी केली. गावाने ती पाळली. अर्धवट घडलेले नाक घेऊन वैमानिक उपाहारगृहात बसत, नाचाच्या कार्यक्रमास जात. कोणी दचकत नसे.

रुग्णभेटीस जाणाऱ्या पाळकांनी व धर्मशिक्षकांनी या इतिहासातील एवढे तरी लक्षात ठेवावे. शस्त्रवैद्याचे काम आपणांस करता येणार नाही. परंतु त्या गावाने जे केले ते आपल्या मंडळ्यांना करता येण्याजोगे आहे. जळालेल्या चेहऱ्याकडे नेहमीच्या नजरेने पाहणे प्रथम कठीण जाते. म्हणून ते शिकावे व शिकवावे लागते.