फ्लॉपीवरची छायाचित्रे आणि अंधेरीचा सीप्झ

काही महिन्यांपूर्वी उपनगरातील एका शाळेचे शिक्षक माझ्याकडे एक डबा घेऊन आले. डब्यात साडेतीन इंची २२ फ्लॉप्या होत्या. लेबलांवरून त्यांवर १९९९ च्या स्नेहसंमेलनाची आणि विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे असावीत असे दिसत होते. शाळेतल्या एकाही संगणकाला मात्र फ्लॉपी घालण्याची खाच उरलेली नव्हती. "सर, यातलं काही हाती लागेल का?" असा त्यांचा प्रश्न होता. उत्तराकडे वळण्यापूर्वी या चकतीचा इतिहास पाहू, कारण त्याचे एक टोक आपल्या अंधेरीत आहे.

लवचीक चुंबकीय चकती आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणली. तिचा व्यास ८ इंच होता. १९७६ मध्ये सव्वापाच इंची चकती आली. प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि फिरत्या चकतीला वाचन-लेखन शीर्ष टेकलेले असते. शीर्षातील वेटोळ्यातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाची दिशा बदलली, की लेपाच्या चुंबकनाची दिशा बदलते. हे झाले लेखन. वाचताना बदलते चुंबकीय क्षेत्र वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करते. आपण वर्गात शिकवतो तेच हे फॅराडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन.

चकतीच्या दोन्ही बाजू वापरणे मात्र सोपे नव्हते. दोन्हीकडून शीर्षे दाबली तर चकती झिजते, आणि ढिली ठेवली तर संकेत नीट उमटत नाहीत. भारतात जन्मलेले जुगी टंडन यांच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने खालचे शीर्ष पक्के बसवले व वरचे लवचीक आधारावर ठेवले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी जाहीर झाला, तेव्हा त्यात टंडन कंपनीचे फ्लॉपी ड्राइव्ह होते. आरंभी एकच बाजू वापरली जाई. ४० मार्ग, प्रत्येक मार्गावर ८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. गुणाकार करा: १,६३,८४० बाइट, म्हणजे १६० किलोबाइट. पुढच्या वर्षी दुसरी बाजूही वापरात आली आणि क्षमता दुप्पट झाली.

याच टंडन उद्योगाचे कारखाने ऐंशीच्या दशकात सीप्झमध्ये होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या निर्यात क्षेत्राच्या नावात सांताक्रूझ असले, तरी ते आहे अंधेरी पूर्वेला. तेथील इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने काम करीत. डोळ्यांत तेल घालून केलेल्या त्यांच्या कामाची नोंद संगणकाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

योगायोग असा, की त्याच ऑगस्ट १९८१ मध्ये सोनीने 'माविका' या कॅमेऱ्याचा नमुना दाखवला. त्यात फिल्मऐवजी लहान चुंबकीय चकती होती आणि तिच्यावर ५० चित्रे मावत. परंतु ही चित्रे अंकीय नव्हती, दूरदर्शनच्या चित्रासारखे ते अखंड बदलणारे संकेत होते. संगणकाला ते थेट वाचता येत नसत.

संगणकाची चकती आणि कॅमेरा यांची खरी गाठ पडली १९९७ मध्ये. सोनीच्या डिजिटल माविकात साधी साडेतीन इंची फ्लॉपीच घालायची असे. फोटो काढा, फ्लॉपी काढा, संगणकात घाला, बस्स! तार नको, वेगळी आज्ञावली नको. अमेरिकेतल्या शाळांना हा कॅमेरा आवडला तो यामुळेच. पण हिशोब पाहा. ६४० × ४८० बिंदूंच्या रंगीत चित्राला, प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरून, ९,२१,६०० बाइट लागतात. फ्लॉपीची क्षमता १४,७४,५६० बाइट, म्हणजे जेमतेम एक चित्र! जेपेग पद्धतीने चित्र आकुंचित केल्यामुळेच एका फ्लॉपीवर साधारण १५ ते ४० चित्रे बसू लागली.

कॅमेऱ्यातील बिंदू वाढत गेले आणि फ्लॉपी अपुरी पडली. १९९९ मध्ये आयबीएमने एक इंची मायक्रोड्राइव्ह आणला. त्यात ३४० मेगाबाइट मावत. परंतु अखेर बाजी मारली ती फ्लॅश स्मृतीने. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. २०११ मध्ये सोनीने फ्लॉपीची विक्री थांबवली.

आता त्या डब्याकडे वळू. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मी मिळवला. प्रथम प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकपट्टी हलवून खाच उघडी केली, म्हणजे चुकूनही काही पुसले जाणार नाही. झडप सरकवून पाहिले, तर ७ चकत्यांवर मुंबईच्या दमट हवेने बुरशी धरली होती. त्या बाजूला ठेवल्या, कारण बुरशी शीर्षाला चिकटून पुढच्या चांगल्या चकत्याही खराब करते. उरलेल्या १५ वाचता आल्या. एका चित्रात पाणचक्कीच्या प्रतिकृतीशेजारी एक मुलगी उभी होती. शिक्षकांनी ती लगेच ओळखली. आज ती त्याच शाळेत विज्ञान शिकवते.

आपल्या शाळेच्या कपाटात असा डबा आहे का, तेवढे पाहा. माहिती चकतीत असते, पण ती वाचणारे यंत्र नाहीसे झाले की असून नसल्यासारखी होते. निदान दोन प्रती, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि जी फ्लॉपी खरोखरच वाया गेली असेल, ती मुलांसमोर उघडा. फॅराडेचा धडा शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.