परदेशी जहाजे, लहान एजंट आणि नाविकांचे हक्क

उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. परंतु रायगडच्या किनाऱ्यावरील माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून बोटीवर जात आहेत. आजही उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या तालुक्यांतील तरुण परदेशी ध्वजाच्या जहाजांवर काम करतात. त्यांना पाठवणारी संस्था पुष्कळदा दोन खोल्यांच्या कार्यालयात चालते. जहाजाचा मालक एका देशात, ध्वज दुसऱ्या देशाचा आणि नाविक तिसऱ्याच बंदरात. काही विपरीत घडले की, 'आम्ही फक्त माणसे पुरवतो,' असे उत्तर मिळते. हे उत्तर ग्राह्य आहे काय, याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

आकार लहान, जबाबदारी तीच

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी व्यवसाय व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. त्यांतील १४ व्या तत्त्वानुसार मानवी हक्कांचा आदर राखण्याची जबाबदारी लहानमोठ्या सर्वच उद्योगांवर आहे. लहान उद्योगाची कार्यपद्धती साधी असू शकते. पण हानी गंभीर असेल, तर दक्षताही तेवढीच हवी. आपल्या व्यावसायिक संबंधांतून दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या हानीकडेही त्याला डोळेझाक करता येत नाही. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. नाविकांसाठी मात्र बंधनकारक करार आहे.

सागरी श्रम करार

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली. भरती करणाऱ्या संस्थेसाठी त्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत :

१. नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, नाविक-पुस्तिका (सीडीसी) व पासपोर्ट यांचा खर्च नाविकावर टाकता येतो; व्हिसाचा खर्च मालकाचा.

२. करारपत्र सही करण्यापूर्वी वाचावयास दिले पाहिजे आणि त्याची प्रत नाविकाला मिळाली पाहिजे.

३. नाविक परक्या बंदरात अडकून पडू नये एवढी मालकाची ऐपत आहे, याची संस्थेने शक्य तितकी खात्री करून घ्यावी.

४. संस्थेच्या किंवा मालकाच्या कसुरीमुळे नाविकाचे आर्थिक नुकसान झाल्यास भरपाईसाठी विमा वा तत्सम व्यवस्था हवी.

तिसऱ्या तरतुदीतच वरील प्रश्नाचे उत्तर आहे. माणूस विमानात बसला म्हणजे एजंटाचे कर्तव्य संपत नाही. मालकाने दोन महिने वेतन थकवून नाविकाला वाऱ्यावर सोडले, तर करार त्याला परित्यक्त मानतो. २०१७ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीनुसार जहाजाच्या आर्थिक हमीतून परतीचा प्रवास व चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन मिळू शकते.

कुटुंबांनी काय पाहावे?

संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावे. जहाजाचे नाव व आयएमओ क्रमांक घरी लिहून ठेवावा. 'जागेसाठी' पैसे मागितले, तर दागिने गहाण ठेवण्यापूर्वी महासंचालनालयाकडे तक्रार करावी. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेली 'स्टेला मारिस' ही कॅथोलिक सेवा जगातील अनेक बंदरांत नाविकांच्या मदतीला धावून जाते, हेही मुलाला सांगून ठेवावे.

असा व्यवसाय करणारे काहीजण आपलेच बांधव असतील. ज्या आईने आपल्या शब्दावर विश्वासून मुलाला धाडले, तो मुलगा सुखरूप परतेपर्यंत आपले काम पुरे झालेले नाही, एवढेच त्यांना आमचे नम्र सांगणे आहे.