अँकर बीअरचा कारखाना आणि त्याचे कामगार

कारखान्याचा इतिहास म्हटला की मालकांची नामावळी पुढे येते. सॅन फ्रान्सिस्को शहरातील ‘अँकर’ या बीअरच्या कारखान्याचेही तसेच. मद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आज नको. मला कष्टाविषयी बोलावयाचे आहे.

१८९६ साली कारखान्याला हे नाव मिळाले. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत तो जळाला. १९२० पासूनच्या दारूबंदीने त्याचे काम थांबविले. पुढे तो पुन्हा उभा राहिला. १९६५ साली तो मोडकळीस आला असता फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने त्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला.

येथील ‘स्टीम बीअर’ ही बर्फ सहज मिळत नसे त्या दिवसांची युक्ती. थंडीत काम करणाऱ्या यीस्टने सातूचा काढा उथळ, उघड्या हौदांत शहराच्या गार हवेवर आंबवावयाचा. मेटॅगने स्वच्छतेवर भर दिला, १९७१ पासून बाटल्या भरल्या आणि १९७५ साली कॅस्केड जातीच्या हॉपची सुगंधी ‘लिबर्टी एल’ काढली. अमेरिकेतील कित्येक छोट्या कारखान्यांनी तोच कित्ता गिरविला.

२०१७ साली जपानच्या सापोरो कंपनीने कारखाना घेतला. २०१९ साली कामगारांनी ३१ विरुद्ध १६ मतांनी संघटना केली व त्याच वर्षी पहिला करार मिळविला. २०२३ साली कंपनीने दारे लावली, तेव्हा कारखाना आपणच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवावा म्हणून कामगार पुढे आले. २०२४ साली तो हमदी उलुकाया या उद्योगपतीच्या हाती गेला.

कामगारांचा तो प्रयत्न फसला, पण त्यामागचा हक्क खोटा ठरत नाही. खरेदीखताने यंत्रे, जागा आणि नाव मिळते. हौद केव्हा उतरवावा हे ज्याला कळते, त्याचे कसब खतात लिहिता येत नाही. त्याला वगळून लिहिलेला इतिहास अपुराच.