मेंदूच्या आलेखाचीं पहिलीं २५६ अक्षरें

येना येथील मनोविकारवैद्य हान्स बेर्गर ह्यांनीं इ. स. १९२४ सालीं मनुष्याच्या मस्तकावरून मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तो शोध प्रसिद्ध केला. ही हकीकत बहुश्रुत श्रोत्यांस ठाऊक असेल. मला आज बोलावयाचें आहे तें लहरींविषयीं नव्हे. त्या कोणाच्या, केव्हांच्या व किती मापाच्या, हें सांगणाऱ्या मजकुराविषयीं.

आलेख कागदावर निघत असे, तेव्हां रुग्णाचें नांव, तारीख, कागदाचा वेग हें सर्व कडेला हातानें लिहीत. ५० मायक्रोव्होल्टचा एक ठोका नमुन्यादाखल उमटवून ठेवीत, तीच मोजपट्टी. मितीवांचून सांपडलेलें जुनें पत्र इतिहाससंशोधकास जसें छळतें, तसाच ह्या मजकुरावांचूनचा आलेख वैद्यास छळी.

पुढें संगणक आले आणि एका यंत्रावरील आलेख दुसऱ्यावर वाचतां येईना. झोपेचा अभ्यास करणारे कांहीं युरोपीय अभियंते १९८७ सालीं कोपनहेगनच्या परिषदेंत भेटले. त्यांतून निघालेली सामाईक पद्धत बॉब केंप, आल्पो व्हॅरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली. तिला ई. डी. एफ. म्हणतात.

ह्या फाइलीच्या आरंभीं जो मजकूर असतो त्यास हेडर हें नांव आहे. त्याचा पहिला भाग बरोबर २५६ अक्षरांचा. ८ अक्षरें आवृत्तीचीं, ८० रुग्णाच्या ओळखीचीं, ८० नोंदीच्या ओळखीचीं, ८ तारखेचीं, ८ वेळेचीं. उरलेल्या ७२ अक्षरांत हेडरची लांबी, राखीव जागा, नोंदीचे खंड, प्रत्येक खंडाचा अवधि आणि वाहिन्यांची संख्या. पुढें प्रत्येक वाहिनीस आणखी २५६. म्हणजे २१ वाहिन्यांचा हेडर ५,६३२ अक्षरांचा झाला. हें सारें साध्या रोमन लिपींत असतें, देवनागरी तेथें चालत नाहीं. त्यामुळें आपल्याकडील एकच आडनांव तीन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळावें ह्यांत नवल नाहीं. रुग्णालयाचा क्रमांक अधिक भरंवशाचा.

वाचणें निर्धोक आहे. ई. डी. एफ.-ब्राउझर नांवाच्या कार्यक्रमांत हेडर उघडून पाहतां येतो व दुरुस्तही करतां येतो. जपावयाचें तें दुरुस्तींत. लहरींचीं मापें फाइलींत नुसते अंक म्हणून असतात, समजा −२०४८ पासून २०४७ पर्यंत. हे अंक −५०० ते ५०० मायक्रोव्होल्ट समजावेत, असें हेडर सांगतो. तेथें कोणी चुकून −२५० ते २५० लिहिलें, तर लहरींचा एक अंकही न बदलतां सर्व लहरी अर्ध्या होतात. मेंदूचें कार्य पूर्ण थांबलें किंवा कसें, हें आलेखावरून ठरवितांना २ मायक्रोव्होल्टांहून मोठी लहर उरली आहे काय हें पाहतात. ३ ची लहर दीडची दिसली, तर त्या निर्णयाचें काय होईल?

लांबीचाही नेम तितकाच कडक. संशोधनास आलेख देतांना रुग्णाचें नांव काढावें लागतें, आणि तें काढावयासच हवें. परंतु जितकीं अक्षरें काढलीं तितक्याच मोकळ्या जागा भराव्या लागतात. एक जरी अक्षर कमी पडलें, तरी पुढील प्रत्येक माप आपल्या घरांतून सरकतें; कारण दोन-दोन घरांचें मिळून एक माप असतें. म्हणून मूळ फाइलीस हात न लावतां नकलेवर काम करावें.

वर्षाला तेथें दोनच अंक दिले आहेत: ८५ ते ९९ हें १९८५ ते १९९९, आणि ०० ते ८४ हें २००० ते २०८४ असें धरावें लागतें. २००३ सालच्या सुधारित पद्धतींत, जिला ई. डी. एफ. प्लस म्हणतात, नोंदीच्या ओळखींत पूर्ण वर्ष लिहितात. म्हणून तारीख बदलणाऱ्यानें ती दोन्हीं ठिकाणीं बदलावी. ह्याच पद्धतींत लहरींसोबत टिपणांचीही एक वाहिनी असते. "अमक्यानें डोळे मिटले" असें कोणी तींत लिहून ठेविलें असेल, तर हेडर कितीही स्वच्छ केला तरी तें नांव तेथें तसेंच राहतें.