विठ्ठलवाडीच्या सिंधी पुस्तिकेविषयी

* या पुस्तिकेचा अनुवाद न देता सारांशच का दिला, हे सांगणे भाग आहे. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली पत्ता म्हणून विठ्ठलवाडीजवळच्या एका बॅरेकचा क्रमांक तेवढा आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात (१९४९पासून उल्हासनगर) आलेली कितीतरी कुटुंबे पुढे पांगली. या लेखकाचे वारस शोधूनही सापडले नाहीत. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, पण मृत्यूचे सालच ठाऊक नसेल तर मोजायचे कुठून? स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये अशा वेळी परवान्याची वाट आहे. २०१२च्या दुरुस्तीने ती प्रकाशित पुस्तकांनाही खुली झाली. आधी जाहिरात, मग अर्ज. ठरलेले मानधन सरकारी लोकलेख्यात जमा, वारस पुढे आलाच तर त्याचे त्याला. मात्र जाहिरात द्यायची इंग्रजी दैनिकात, आणि मराठी अनुवादासाठी शिवाय मराठी दैनिकात. सिंधी दैनिकाची अट कुठेच नाही. ज्या घरात लेखकाचे नाव ओळखले जाईल, तिथे ही जाहिरात पोचणार कशी? मूळ भाषेतील जाहिरात सक्तीची झालीच पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१४पासून अशा कृतींची सर्वांना पाहता येणारी नोंदवही आहे. तशी इथेही हवी. वारसांनी प्रकाशकांशी संपर्क साधल्यास पुढील आवृत्तीत त्यांच्या संमतीने संपूर्ण अनुवाद छापू. — संपादक